दोन आर गवत

कुंदीचा फोन आला तवा माहे हात
पाच एच.पी.च्या मोटरीत होते.
स्पीकर लावून फोन डब्यावर ठेवला.
"दादा, गवत कापाची मशीन घ्याची हाय.
पेट्रोलची घेऊ, बॅटरीची घेऊ,
का हातानं ढकलाची?"

म्हणलं, जागा किती?
म्हणे, दोनशे चौरस मीटर.
म्हणजे सातबाऱ्यावर दोन आर.
बैलजोडीले धुऱ्यापाशी वळाले लागते तेवढी.

जर्मनीत श्वेरिन नावाचं गाव हाय,
तिथं घर घेतलं तिनं अन् जावयानं.
मांगं नुसतं गवत.
तूर नाई, वांगं नाई, मिरचीचं एक झाड नाई.
शेजारचा म्हातारा कुंपणावरून पाह्यते,
काही म्हणत नाई,
आपलं गवत अजून बारीक कापते.

फोटो पाठवले तिनं. अकरा.
लाल, हिरव्या, एक पिवळी, इच्चवासारखी.
किमतीचा गुणाकार केला.
तिसऱ्या फोटोले गुणाकार सोडून देल्ला.

आर्णी रोडच्या माह्या टिनाखाली
जो तो बोलाले लागला.
सुदाम लाइनमन म्हणे, बॅटरी नको,
थंडीत बसते, मंग उठत नाई.
प्रल्हाद म्हणे, पेट्रोलचीच घे,
आवाज येते,
माणूस काम करून रायला हे गावाले समजते.
मंजुळामावशी मिक्सर घेऊन आलती.
तिनं एकच इचारलं :
"ते गवत खाते कोण?"

तेच मी कुंदीले इचारलं.
म्हणे, कोणीच नाई.
कापाचं, भुऱ्या डब्यात भराचं,
मंगळवारी गाडी येते, घेऊन जाते.

कोणी बोललं नाई.
बाहेर सुदामची गाय उभी होती,
तिनंबी कान हलवला असन.

अन् नियम केवढे!
दुपारी एक ते तीन मशीन बंद.
रविवारी दिवसभर बंद.
सुदाम लय खूष झाला :
"म्हणजे भारनियमनच की राजेहो!"

कुंदी, तुह्यं नाव बाबानं ठेवलं.
काळ्या वावरातलं कुंदा गवत
कोणाच्या बापाले मरत नाई.
वखर फिरवा, फवारा मारा,
हातभर खणा, एक कांडी राह्यली
का पंधरा दिवसांत हिरवी.
शाळेत पोट्टे चिडवत : कुंदा उपटा, कुंदा उपटा.
तू रडत नव्हती.
चावत होती.

शेवटी तिनं जुनीच घेतली,
चाळीस युरोत,
एका बाईच्या गॅरेजातून. नवरा वारला होता तिचा.
मशीन चालू होये ना.
मी म्हणलं, फोन जवळ धर. ओढ दोरी.
डोळे मिटले.
सात हजार किलोमीटरावरून मशीन खोकली.
पुन्हा खोकली. कोरडं खोकली.

"प्लग काढ. काळा हाय?"
"कोळसा हाय दादा."
"तारेच्या ब्रशनं घास. फुंकर मार.
चोक दे. आता ओढ."

तिसऱ्या ओढीले पकडलं.
टिनाखाली सगळे उभे झाले.
गिऱ्हाइकाची मोटर चालू झाल्यावर पैशे भेटते,
हे येगळंच होतं.

ती फोन बंद कराचा इसरली.
ठेवला असन झाडाच्या बुडाशी.
आवाज लांब जाये, वळे, जवळ ये,
पुन्हा लांब.
किती तास लागते मोजाले, दोन आर?
मी आवाजावरूनच मोजले : चौदा फेरे.
उजव्या कोपऱ्यात मात्र
एकबी फेरा गेला नाई.

मंग फोन उचलला तिनं, दम लागलेला.
"त्या कोपऱ्यात ठेवलं दादा, थोडं.
कुंपणाच्या खाली. चटईएवढं."
"काहून?"
"असंच."
"म्हातारा पाहीन ना."
"पाहू दे."

फोन कटला.
कानात मशीन चालूच होती.
मावशी म्हणे,
"अन् माह्या मिक्सरचं?"